गुडघ्याची वाटी

टक्... अंगठ्याखाली वाटी आत गेली, अंगठा उचलला तशी टक् करून परत बाहेर आली. वरून पाहिलं तर खोट काढायला जागा नाही — आरशासारखी गुळगुळीत, स्वयंपाकघराची खिडकी तिच्यात वाकून मावलेली, खिडकीपुढे ती स्वतः, सगळं कपाळच कपाळ आणि हनुवटी गायब — आणि दाबलं की टक्. गुडघ्याची वाटी, पोलादी. जुन्या काळातले सरदार नखशिखान्त पत्रा चढवून घोड्यावर बसत, त्यांच्या गुडघ्यावर बांधायची तसली. तलवारीचा घाव वरून घसरून जावा म्हणून तिला तो फुगीर घाट. तिनं स्वतः ठोकून केलेली पहिली. आणि अडीच वर्षांच्या मुलीच्या अंगठ्यानंसुद्धा ती दबत होती.

"मला," खारू म्हणाली. घास गालात साठवून ठेवायची म्हणून घरात तिला खारूच म्हणत.

वाटी देण्याआधी तिनं कडेवरून बोट फिरवलं. कड कानसून कानसून लोण्यासारखी केलेली होती, तरी फिरवलं. आणि देता देता दुसरा हात आपोआप खारूच्या कपाळाकडे गेला — कोमट आहे? की आपलाच हात गार? चहाच्या कपावर तळवा शेकून पुन्हा लावला तर कोमट वाटेना, पण ते मग कपामुळे...

"हात लावून लावून तूच तापवतेयस तिला," नवरा म्हणाला. "आत्ता मोजला ना ताप? नाहीये. आता माझा मोज, नाहीतर मला वाईट वाटेल."

ती हसली. हसताना खारूच्या कानामागे, मानेच्या घडीत दोन बोटं घालून पाहून झालं.

"जा गं बाई. तुझं सैन्य खोळंबलं असेल."

सैन्य म्हणजे पत्रा ठोकायच्या वर्गातली पाच नवीन माणसं, आणि आज त्यांना तिनं शिकवायचं होतं, तिच्या मास्तरांनी नव्हे. 'मी आज नाही येत, मुलीला बरं नाही' — एवढं म्हटलं असतं की झालं असतं, वाक्य तयारच होतं, उठल्यापासून ती ते तोंडात घोळवत होती, खारू घास घोळवते तसं. पण मुलीला बरं होतं. तेच तर... बरं असलेल्या मुलीला सोडून जायला काहीच कारण लागत नाही आणि न जायलाही काही कारण उरत नाही.

रस्त्यावर ती भराभर चालली. नळाच्या दुरुस्तीसाठी खणलेला खड्डा, त्याच्या कडेनं लावलेली दोरी, दोरी एका ठिकाणी सैल — कुणाचं मूल इथून — तिनं थांबून दोरी घट्ट बांधली, पुढे गेली, मागे वळून गाठ पाहिली. त्या दुपारी दोरी नव्हती, खड्डा नव्हता, काहीच नव्हतं. खारूला किंचित कणकण, अंगावर ओला पंचा, आणि मांडीवर बोलता बोलता तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ, जणू आतून पत्रा चढला... मग हिसके. किती वेळ कोण जाणे. लहान मुलांना तापात येतो असा झटका, शाळेत जायला लागली की जातं, घाबरू नका, डॉक्टर म्हणाले होते. घाबरू नका! भीती म्हणजे काय कपाटात ठेवलेली वस्तू, काढू नका म्हटलं की काढली नाही? तेव्हापासून तिचा एक कान खारूच्या श्वासाला लागून राहिला होता, भाजी चिरताना, भांडी घासताना, झोपेतसुद्धा. एखादा वर्ग लाव, मन रमव, नवरा म्हणाला. बाकीच्या बायका योगासनांना जातात. तिनं एका गॅरेजावरची पाटी वाचली आणि चिलखतं ठोकायला गेली. "म्हणजे घरात आता युद्धच," तो म्हणाला होता.

मास्तर खरे चित्रकलेचे शिक्षक. जुन्या चित्रांतली चिलखतं पाहून पाहून, हे केलं कसं असेल, या खुळापायी निवृत्तीनंतर गॅरेजात भट्टी घातली. "पहिली दहा वर्षं मी फक्त भंगारवाल्याचं पोट भरलं," असं अभिमानानं सांगत. आता मनगट गेलं होतं. हातोडा उचलला की कंप सुटे. कुणी शिकवलं तर वर्ग चालू, नाहीतर महिनाअखेर भट्टी मोडायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "मीच का?" तिनं विचारलं नव्हतं, तरी त्यांनी उत्तर दिलं होतं. "तू कानानं काम करतेस. बाकीचे डोळ्यांनी करतात."

त्यांना काय माहीत हा कान कुठून आला ते.

ते आज कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, तोंड मिटून — म्हणजे त्यांच्या मानानं मिटून. ती ओंडक्यापाशी उभी राहिली. ओंडक्यात खोलगट खळगा, त्यावर पत्र्याची गोल चकती. सुरुवात कडेनं करायची, तिनं सांगितलं, आवाज जरा चढाच निघाला, गोल गोल फिरत मध्यावर यायचं. मध्यावरच ठोकत बसलात तर मधेच पातळ होईल. कडेला चुण्या पडतील, पडू द्या, मग बसवा. हातोडा दाखवायला उचलला आणि हात तिच्या आधी कामाला लागला, पत्रा खळग्यात उतरू लागला, पाचही डोकी वाकली... आणि तिच्या लक्षात आलं की गेला काही वेळ आपण काहीच ऐकलं नाही. म्हणजे तो मनातला श्वास. खिशातल्या फोनवर तळवा दाबला. गार, गप्प.

"ठोकून ठोकून पत्रा ताठ होतो," ती म्हणाली, "मग तो ऐकत नाही. अजून ठोकलात तर तडकतो. त्याला लाल करायचं आणि राखेत पुरायचं. आणि..." इथे मास्तर नेहमी म्हणत ते शब्द तिला म्हणायचे होते — आणि विसरायचं. "आणि तसाच ठेवायचा. उकरून बघायचं नाही. गार होऊ द्यायचा, आपला आपण."

"उकरलं तर?" एकानं विचारलं. हा दातांचा डॉक्टर, बोटं लांब आणि हुशार.

"तर वारा लागून घाईनं गार होतो. पाहिजे तसा नरम पडत नाही."

"हिनं उकरला होता," कोपऱ्यातून मास्तर. "सारखी. बघायला, की झाला का नरम. मी म्हटलं, बाई, तो काय पळून जातोय?"

सगळे हसले, तीही. तिच्या त्या पहिल्या वाटीचंही तेच झालं होतं. मास्तर म्हणाले होते, झाली, ठेव. पण तिरप्या उजेडात एक बारीक खळी दिसली, ती हलक्या हातानं बसवली तर शेजारी दुसरी उमटली, तीही बसवली... एकही घाव जोराचा नव्हता. सगळे मायेचे, सांभाळून घातलेले, आणि त्यातच माथ्यावरचा पत्रा कागद झाला. मास्तरांनी अंगठा दाबला होता, टक्. "डोळ्यांना सुंदर," म्हणाले होते, "गुडघ्याला निरुपयोगी."

डॉक्टरानं सगळ्यांच्या आधी आपली वाटी खोलवून घेतली, राखेतून काढली, आणि आता गोल डोक्याच्या ऐरणीवर पालथी घालून वरून गुळगुळीत करत होता. "माझ्याकडे बरं असतं," तो म्हणाला, "कुठे थांबायचं ते पेशंट ओरडून सांगतो. पत्रा काय सांगणार?"

"पत्राही सांगतो. खाली ऐरण लागली की आवाज भरीव येतो. पातळ व्हायला लागला की..." तिला शब्द सापडेना. "आवाजातला गर जातो."

"गर? आंब्यातला?"

"त्यातलाच," मास्तर म्हणाले. "उरते ती कोय. ठोक तू."

फोन तेव्हाच थरथरला असावा. एप्रनचं चामडं जाड, कळलं नाही. पाहिला तेव्हा पडद्यावर नवऱ्याचे दोन कॉल येऊन गेलेले. दोन. एक चुकून असतो, सवयीनं असतो, तूप कुठे ठेवलंय म्हणून असतो... दोन कशाला? ती दाराशी गेली, पाठ सगळ्यांकडे, आणि फोन लावला. वाजतोय. वाजतोय. मागे हातोडा, ठण, ठण, पुढे तो एकसुरी वाजणारा — घराजवळ रिक्षा कुठे मिळते, दवाखाना उघडा असेल, तिनं एप्रनचा बंद एका हातानं सोडायला घेतला, गाठ दोरीसारखी घट्ट, तिचीच — आणि वाजणं थांबलं.

पलीकडे फोन उचलला गेला होता.

"अरे, काय झालं?"

श्वास. ओला, जवळचा, तोंड फोनला चिकटवून घेतलेला.

"खारू? बाबा कुठंय?"

श्वास. ही धाप आहे? की नाक चोंदलंय? की बागडून आलीय नुसती? तिनं फोन कानात घुसवायचा तेवढा घुसवला, दुसऱ्या कानावर तळवा ठेवला, तरी बोटांच्या फटीतून मागचा हातोडा येतच होता, ठण, ठण, भरीव, भरीव, आणि मग एका घावाला किंचित — अगदी किंचित —

"पुरे!" ती ओरडली. वळलीही नव्हती.

हातोडा थांबला. "बोटाखाली बघ," मास्तर हळूच डॉक्टराला म्हणाले, "अजून एक घातला असतास तर गेली होती," आणि डॉक्टर म्हणाला, "पाहिलंसुद्धा नाही हो त्यांनी."

तिला दोघंही ऐकू आले, आणि श्वासही. सगळं एकाच वेळी. बाबांना दे फोन, हे जिभेवर होतं, कपाळाला हात लाव म्हणावं हेही, आणि ते तिथंच राहिलं... हा निर्धास्तपणा, की कान बधिर झाला शेवटी? तिला ठरवता येईना. सुटत आलेला बंद तिच्या मुठीत होता. तिनं तो सोडलाही नाही आणि बांधलाही नाही.

पलीकडे काहीतरी जमिनीवर घासत ओढलं गेलं. मग, फोनच्या अगदी तोंडाशी —

टक्.

वाटी आत गेली होती. बाहेर येण्याचा आवाज अजून यायचा होता, आणि ती फोन कानाशी धरून त्यासाठी थांबली.