पंचविसावा वॉनटॉन

"अहो, ते पार्सल नाहीये. एवढं ठासून दाबलंत तर आतली कोळंबी गुदमरेल."

"माझं पार्सल अडतीस वर्षांत एकदाही वाटेत उघडलं नाही."

"त्या पार्सलांना उकळत्या पाण्यात नव्हतं टाकत कुणी."

बायकोच्या या बोलण्यावर पार्सलरावांनी मूठ जरा सैल केली. टपाल कचेरीच्या पार्सल विभागात सारी नोकरी गेली, त्यामुळे हे नाव आधी पाठीमागे पडलं आणि मग तोंडावर आलं. निवृत्त होताना घड्याळ कचेरीने दिलं. नाव त्यांनी आपणहून घरी आणलं. आता ते मैद्याची चौकोनी पारी तळहातावर घेऊन, कडांना पाण्याचं बोट लावून, बायकोसारखी वॉनटॉनची, म्हणजे चिनी मोदकाची, घडी घालायला बघत होते. आठवडाभर वर्तमानपत्राचे चौकोन कापून, आत वाटाणा ठेवून त्यांनी सराव केला होता. एक कागदी वॉनटॉन तर चष्म्याच्या डबीत निघाला.

एवढा खटाटोप आज जेवायला येणाऱ्या ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त परिचारिका. दुखणं तिच्या नजरेतून सुटायचं नाही, आणि दुखणं दिसलं की ती मदतीला यायची. पार्सलरावांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती चार दिवसांसाठी आली आणि दोन महिने राहिली. ती गेल्यावर चहाचा डबा सापडायला तीन दिवस लागले. औषधांच्या कपाटात होता, कारण तिच्या मते चहा हे औषधच.

आणि आता बायकोची बोटं आखडली होती. कापणं, ढवळणं निभत होतं, पण चिमूट मिटत नव्हती. चिमटीशिवाय पारी बंद होत नाही आणि पारी बंद नाही झाली तर ताईची बॅग आलीच. बॅगेचं एक वेळ परवडलं असतं. पण आपल्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बायको दुसरीचं राज्य बघणार, हे पार्सलरावांना बघवलं नसतं. म्हणून घड्या त्यांनी घालायच्या आणि नाव तिचं सांगायचं, असं ठरलं होतं.

सकाळपासून बायको खुर्चीवरून हुकूम सोडत होती. त्यांनी कोळंबी सोलली, पाठीतला काळा दोरा काढला. टरफलं आल्याबरोबर परतून रश्शाला उकळत ठेवली. "अर्धी बारीक करा, अर्धीचे तुकडे ठेवा. दाताला कळली पाहिजे." पालेभाजी उकळत्या पाण्यातून काढून फडक्यात पिळली. "अजून पिळा. पाणी राहिलं तर पारी आतून फाटते." थोडी हिरवी पानं वरून सोडायला बाजूला ठेवली.

माणसं तीन, प्रत्येकी आठ. चोवीस वॉनटॉन सहा-सहाच्या चार रांगांत ओल्या फडक्याखाली बसले. पार्सलरावांनी ते दोनदा मोजले. एक पारी आणि चमचाभर सारण उरलं.

तेवढ्यात बेल वाजली.

ताई आली, चपला काढता काढता भावाचा रंग बघितला, "झोप होत नाही वाटतं," म्हणाली आणि पंख्यावरची धूळ बघू लागली. तिला बसवून पार्सलराव आत आले. बायकोने सोडलेले वॉनटॉन पाण्यावर तरंगायला लागले होते. सवयीने त्यांनी मोजले. पंचवीस.

पंचविसाव्याचा एक कान बंदच झाला नव्हता. ताटलीत उरलेली पारी नाहीशी झाली होती आणि बायको टॉवेलला हात पुसत होती. जरा जास्तच पुसत होती.

"काय बघताय? वाट्या द्या."

तो आपल्या वाटीत घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. पण बायकोने दोन्ही हातांनी पळी धरली होती, वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला, आणि तो पुसेपर्यंत वाट्या भरल्या होत्या.

"माझ्यात नऊ आहेत," ताई टेबलावर म्हणाली. मग तिने चमच्यावर एक उचलून धरला. पारी उलगडून लोंबत होती, कोळंबी बाहेर डोकावत होती. "आणि हा एक तोंड वासून बसलाय."

बायकोचे हात टेबलाखाली गेले. ताईने तिकडे एकदा बघितलं, मग भावाकडे.

"हा तुझा ना रे? लुडबुड केल्याशिवाय राहवत नाही तुला."

चोवीस पार्सलरावांचे होते. मोजून चोवीस.

"हो," ते म्हणाले. "एकच केला."

"एकच केलास ते बरं. बाकीचे बघ, एकाची कड सुटलेली नाही. वहिनीच्या हाताचं काम आहे ते. मी आपली येताना विचार करत होते, बॅग भरावी की काय."

"बॅग कशाला, वन्सं?" बायको म्हणाली. "शिकतील तेही हळूहळू."

"तो इकडे दे," पार्सलरावांनी वाटी पुढे केली. ताईने तो फुटका वॉनटॉन त्यांच्या वाटीत सोडला. त्यांनी तो कडेला सारला, आधी आपले सगळे संपवले आणि मग तो चमच्यात घेऊन सावकाश खाल्ला. बायको बघत होती.

"कसा झालाय?"

"वाटेत उघडला," पार्सलराव म्हणाले, "पण माल सगळा पोचला."

ताईने आणखी रस्सा मागितला. बायकोचे दोन्ही हात टेबलाखालून वर आले आणि गरम वाटीभोवती बसले.