टेकडीच्या लाइनची चावी

मित्रांनो, मी पाणीखात्यातली एक जुनी चावी आहे. चावी म्हटले की तुम्हाला कुलूप आठवेल, पण मी कुणाच्या खिशात मावणारी नाही. मी माणसाच्या छातीएवढी उंच आहे. वर धरायला आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह असतो, त्याच्या दांड्यावर माझे तोंड बसवायचे आणि मूठ फिरवायची, की तुमच्या नळाला पाणी येते. हे काम करणाऱ्याला चावीवाला म्हणतात.

खात्याच्या लोहाराने एकाच दिवशी, एकाच भट्टीत आम्हा दोन बहिणींना घडवले. मी टेकडीच्या लाइनवरच्या चावीवाल्याकडे गेले. माझी बहीण गेली बाजाराच्या लाइनवर, गवयाच्या हाती. तो काही खरा गवई नव्हे हो. चावी फिरवताना भजने म्हणायचा, म्हणून त्याला ते नाव पडले. पाणी सोडताना देवाचे नाव घ्यावे, म्हणजे ते गोड लागते, असे तो म्हणे.

सव्वीस वर्षे मी चावीवाल्याच्या खांद्यावरून फिरले. टेकडीवर दवाखाना आहे आणि त्याच्या खाली नोकरदारांची वसाहत. दोघांचा व्हॉल्व्ह एकच, दोन पुरुष खोल चेंबरमध्ये. तो आहे जगावेगळा. बाकी सगळे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात, हा उजवीकडे. एकोणीस फेरे, तेही सावकाश. हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते, चावीवाल्याच्या मनगटांना ते ठाऊक होते. पाणी वेळेवर आले की वसाहतीतले लोक त्याच्याकडे बघून मान हलवीत. उशीर झाला की मात्र सगळ्यांना त्याच्या पगाराची आठवण होई.

मग एक दिवस गवई बाजाराच्या लाइनवरच्या एका खोल चेंबरमध्ये एकटाच उतरला. महिनाभर बंद असलेल्या त्या चेंबरमध्ये विषारी वायू साठला होता. दोनच मिनिटांचे काम होते. त्याला बाहेर काढले, तेव्हा माझी बहीण त्याच्या मुठीतून सोडवता सुटेना.

युनियनने मागणी केली. प्रत्येक खोल चेंबरवर दोन माणसे हवीत, एक खाली आणि एक वर दोर धरून. झाकण उघडल्यावर अर्धा तास वारा खेळू द्यायचा आणि मगच उतरायचे. खाते म्हणाले, माणसे वाढवली तर पाणीपट्टी वाढेल आणि लोक आम्हाला फाडून खातील. तीन महिने नुसत्या बैठका झाल्या, आणि मग संप झाला. सगळ्या चाव्या युनियनच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या. दवाखान्याचे पाणी आम्हीच रोज सोडू, असे युनियनने लिहून दिले होते. खात्याच्या साहेबांनी ते नाकारले, आणि कंत्राटदाराची माणसे पाठवतो म्हणून सांगितले.

खोटे कशाला बोलू? त्या खोलीत सगळेच काही गवयासारखे नव्हते. एक पंपवाला वर्षभर पंपावर फिरकत नसे. युनियनचे पाठबळ असल्याने त्याला कुणी हात लावत नव्हते. संपात मात्र तो पहिल्या रांगेत, सतरंजीवर ऐसपैस बसलेला.

संपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास चावीवाल्याची थोरली बहीण खोलीच्या दारात आली. ती वसाहतीत राहणारी, एका कचेरीत कारकून. तिच्या नवऱ्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडले होते. दिवसाआड त्याला डायलिसिस लागे. कंत्राटदाराच्या माणसांनी टेकडीचा व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला होता. उघडेना म्हणून आपल्या चावीच्या मुठीला लांब लोखंडी नळी लावून तिघांनी जोर केला, आणि तो होता त्याहून घट्ट आवळून ठेवला. दवाखान्याच्या टाकीत दुपारपर्यंतचेच पाणी उरले होते. अकराची पाळी लागेल की नाही, सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

"आमच्या पट्टीतून तुमचे पगार निघतात," ती म्हणाली. "संप कुणाविरुद्ध आहे? माझ्याविरुद्धच ना?"

"ताई, तुझ्याविरुद्ध नाही गं."

"मग हे भाऊजींच्या खाटेपाशी येऊन सांग."

पंपवाला मागून म्हणाला, आज बहीण आली, उद्या सासू येईल. संप करायचा की सोयरेधायरे सांभाळायचे? दोघेचौघे हसले. युनियनच्या अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्या घरोघर मीटर वाचणाऱ्या, वसाहतीतले एकूण एक दार त्यांच्या ओळखीचे.

"दवाखान्याचं पाणी सोडायचं," त्या म्हणाल्या. "पण ज्याच्यासाठी बाहेर बसलोय, ते मोडून नाही. वर दोर धरायला माणूस असल्याशिवाय तू उतरायचं नाहीस. आणि तो माणूस खात्यानं द्यायचा."

मी पुन्हा खांद्यावर चढले. मागून ताई जवळजवळ पळतच येत होती.

चेंबरपाशी खात्याचा एक तरुण इंजिनिअर एकटाच उभा होता. कंत्राटदाराची माणसे केव्हाच पसार झाली होती. त्याने हात जोडले. दोनच मिनिटांचं काम आहे, मामा, पटकन उतरा, म्हणाला. चावीवाल्याने झाकण सरकवले, कमरेला दोर बांधला आणि मला मांडीवर घेऊन काठावर बसून राहिला.

"काय करतोयस?" ताईने विचारले.

"अर्धा तास वारा खेळू दे."

"टाकी संपत आलीय, आणि तू नियम काढून बसलास? हट्टाला पेटलायस नुसता."

"ताई, गवईसुद्धा दोनच मिनिटांसाठी उतरला होता."

मित्रांनो, तो अर्धा तास मी विसरणार नाही. टेकडीवर दवाखान्याच्या खिडक्या दिसत होत्या. ताई घड्याळाकडे बघे, खिडक्यांकडे बघे आणि मग भावाकडे असे बघे, की मी लोखंडाची असूनही मला ते सोसवेना. चावीवाल्याचे तळवे घामाने निथळत होते. त्याला काय भाऊजींची माया नव्हती? त्याच्या ओठांवर देवाचे नाव होते, पण पाय मात्र त्याने आवरून धरले होते.

दहा वाजून गेल्यावर तो उठला. इंजिनिअरने दोर धरला, पण दोराची त्याला सवय नव्हती. ताईने पदर खोचला आणि मागे उभी राहून दोराला हात घातला. मी शुद्धीवर आहे हे वरच्याला कळावे म्हणून फेरे मोठ्याने मोजत राहीन, असे चावीवाल्याने तिला सांगितले, आणि आम्ही उतरलो.

खाली काळोख होता आणि कुजका वास. पहिला फेरा काही केल्या सुटेना. मूठ त्याच्या छातीत रुतली. मी वाकते की मोडते असे झाले, तेव्हा कुठे दांडा करकरला. एक. दोन. त्याचा आवाज वर जात होता आणि वरून ताईचा हुंकार येत होता. सातव्याला पाइपात पाणी सळसळू लागले. पाण्याने तळाचा गाळ हलला, आणि गाळात कोंडलेला वायू सुटला. दहा. अकरा. बारा म्हणताना त्याची जीभ जडावली. तेरा मी ऐकला नाही. ताईनेही नाही.

तिने क्षणाचाही उशीर केला नाही. "ओढा," एवढेच ती म्हणाली. मुठीवरून त्याची बोटे सुटली, आणि मी दांड्यावर एकटीच उभी राहिले. वरून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग खोकला आला. त्याच्यामागून ताईचे रडणे आले, आणि माझ्या जिवात जीव आला.

बारा फेऱ्यांचे पाणी टेकडी चढले. धार बारीक होती, पण दवाखान्याला पुरली. भाऊजींची पाळी पाऊण तास उशिरा लागली, पण लागली.

चौथ्या दिवशी वसाहतीची सभा भरली. युनियन मोडून काढा, म्हणजे पट्टी कमी होईल, असे बरेच जण म्हणत होते. अध्यक्षबाई मला त्या दिवसाच्या जोखमीचा पुरावा म्हणून घेऊन आल्या होत्या. ताई उठली. दोराने सोललेले तळवे तिने कुणाला दाखवले नाहीत.

"वर कुणी नसतं, तर माझा भाऊ गेला असता," ती म्हणाली. "दोन माणसं ठेवा. पट्टी वाढली तर मी भरेन. पण बाई, त्या पंपवाल्याचे पैसे मी भरणार नाही. त्याला पाठीशी घालणं तुम्ही बंद करा."

अध्यक्षबाईंना ते झोंबले, पण त्यांनी दोन्ही गोष्टी वहीत उतरवल्या. पाचव्या दिवशी संप मिटला. चेंबरवर दोन माणसे आली, पट्टी थोडी वाढली, आणि पंपवाल्याला नोटीस गेली.

आता टेकडीच्या व्हॉल्व्हला मोटर बसली आहे आणि मी खात्याच्या अडगळीत गंजत पडले आहे. मला तेल लावा, असा माझा हट्ट नाही. पाणी देवाने दिले, पण ते तुमच्या घरी पोचावे म्हणून अजूनही कुणीतरी जमिनीखाली उतरतो. पट्टीची पावती हातात आली की जरूर विचारा, आमचा पैसा कुठे गेला? तो तुमचा हक्कच आहे. पण बाळांनो, त्याच दमात आणखी एक विचारा. खाली माणूस उतरलाय, वर दोर कुणी धरलाय?