तपकिरी बटणं

संगमेशने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पस्तिशी उलटल्यावर, तारकर्लीला. होडीवाल्याने तोंडाला मुखवटा बांधून त्याला पाण्यात उतरवलं. होडी परतली तेव्हा तो तसाच ओला उतरला. किनाऱ्यावर आई शरणम्मा आणि बायको अक्षता शहाळी पीत बसल्या होत्या.

"काय होतं खाली?" अक्षताने विचारलं.

"गाव होतं," तो म्हणाला. "आख्खं गाव."

सोलापूरला परतल्यावर ते गाव त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तो चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात होता, प्रयोगशाळेत रंग आणि पाणी तपासायचा. जे मोजता येतं ते सांभाळताही येतं, अशी त्याची कामातून बनलेली समजूत होती. वर्षभर वाचून, व्हिडिओ बघून त्याने जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला लागून काचेची लांबलचक टाकी बसवली. समुद्राचं पाणी करायचं तर आधी गोडं पाणी गाळून अगदी निव्वळ करावं लागतं, मग त्यात खास मीठ विरघळवायचं. गाळताना निम्म्याहून जास्त पाणी वाया जायचं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. अक्षता ते वाया जाणारं पाणी बादल्यांत धरायची आणि फरशीला, संडासाला वापरायची. कुरकुरायची, पण धरायची.

मग पुण्याहून दगड आले. समुद्रातले, भोकाभोकांचे, ओलसर वासाचे. ते टाकीत रचून, पंप आणि दिवे चालू करून संगमेश थांबून राहिला. पाणी मुरल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत, असा नियम होता. आठवडे गेले. येणारेजाणारे टाकीत डोकावून बघायचे आणि गोंधळून मागे व्हायचे.

"काय रे संगू," शरणम्मा म्हणाली, "लोकं कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. तू दगडं पाळलास व्हय?"

"थांब अव्वा. दगडांतच सगळं हाय."

आणि होतंच. एका दगडातून केसाएवढे किडे डोकवायला लागले. दुसऱ्यावर तपकिरी बटणांसारखं काहीतरी उगवलं. मधोमध तोंड, कडेला बारीक झालर, दिवा लागला की उघडायची आणि विझला की मिटायची. संगमेशला त्यांचं फार कौतुक वाटलं. फुकट आलेली फुलं, असं त्याने फोटो काढून ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

पुढे गोगलगायी आल्या, खेकडे आले, मऊ पोवळ्यांचे दोन-तीन झुबके आले आणि शेवटी केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी आली. माशांचं खाणं म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीच्या वड्या. लिंगायताच्या घरात, जिथे अंड्याचं कवचसुद्धा कधी आलं नाही, तिथे फ्रीजमध्ये कोळंबी! शरणम्माने तीन दिवस दही फ्रीजबाहेर ठेवलं. शेवटी संगमेशने एक लहानसा जुना फ्रीज आणून गॅलरीत ठेवला, तेव्हा घरात शांतता झाली.

पण दुपारी जेवण झालं की शरणम्मा खुर्ची ओढून टाकीसमोर बसायची. गळ्यातलं लिंग मुठीत, ओठ हलते, नजर त्या जोडीवर. एकदा अक्षताने तिला विचारलं, "अव्वा, कोळंबीची शिसारी येते आणि मासे आवडतात होय?"

"ते खातात, मी कुटं खातीय?" शरणम्मा म्हणाली.

असं वर्ष बरं गेलं. नंतर ती बटणं वाढायला लागली. एका दगडावरून दुसऱ्यावर, तिथून पोवळ्यांच्या बुडाशी. मऊ झुबके त्यांनी खालून वेढले आणि झुबके आक्रसत गेले. संगमेश रोज क्षार मोजायचा, उष्णता मोजायचा, सगळे आकडे बरोबर यायचे आणि तरी रोज थोडी आणखी बटणं दिसायची. चिमट्याने उपटली तर चिंध्या व्हायच्या आणि चिंधीतून पुन्हा उगवायची. कुठल्याशा ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, दगड बाहेर काढा, उकळतं पाणी ओता, मुळापासून मरेल. तो माणूस वेगळ्याच उपद्रवी जिवाबद्दल बोलत होता. संगमेशच्या हे लक्षात आलं नाही.

मे महिन्यातला रविवार होता. उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या. संगमेशने सगळ्यात जास्त बटणांचा दगड टाकीतून काढला, मोरीत टबात ठेवला आणि गॅसवरचं मोठं पातेलं आणून त्यावर रिकामं केलं. वाफ उसळली. सडक्या शेवाळासारखा वास घरभर झाला. पुन्हा एक पातेलं ओतलं. मग तो वायरच्या ब्रशने दगड घासत बसला. मोरीला लागूनच शरणम्माची खोली होती. ती पलंगावर शेंगा फोडत होती.

"कसला घाण वास रे हा?"

"झालंच अव्वा."

जेवायला बसले तेव्हा शरणम्माने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "अक्षता, चटणी कडू झालीय की."

"कालचीच आहे, अव्वा. काल तर चांगली होती." अक्षताने स्वतः चाखली आणि तीही थांबली. भाकरी, चटणी, पाणी, सगळ्यालाच चव लागत होती ती कळकलेल्या पितळेची. संगमेशच्या तोंडातही तेच होतं. कुणी फारसं जेवलं नाही.

तासाभरात शरणम्माला थंडी वाजायला लागली. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि ती दोन गोधड्यांखाली दात वाजवत पडली होती. मग अक्षताला खोकला लागला, डोळे लालबुंद झाले. संगमेशचे गुडघे दुखायला लागले, छाती कुणी दोरीने आवळावी तशी झाली. ऊन लागलं असेल, असं तो म्हणाला. पण तिघांना एकदम, घरात बसून, ऊन कसं लागेल?

शरणम्माचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला तेव्हा अक्षताने तळमजल्यावरच्या कल्लप्पाकाकांना हाक मारली. कल्लप्पाकाका एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी काही न विचारता तिघांना गाडीत घातलं आणि होटगी रोडच्या हॉस्पिटलात आणलं.

"काय खाल्लं होतं? घरात गॅस गळत होता का? फिनेल, अॅसिड?" तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कशालाच हो म्हणता येईना. शरणम्माला आत नेलं. संगमेश आणि अक्षता शेजारशेजारच्या खाटांवर, नाकाला वाफेचे मुखवटे.

पडल्यापडल्या संगमेशने फोनवर शोधायला सुरुवात केली. टाकीतला दगड, उकळतं पाणी, कडू चव. पहिल्याच पानावर त्याला त्याची बटणं दिसली. अगदी तीच, झालरीसकट. खाली लिहिलं होतं की त्यांच्या अंगात समुद्रातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक असतं, त्यांना कधीही उकळू नये, वाफेतून ते विष फुप्फुसात जातं. कुठल्या कुठल्या देशांतली घरं होती, आख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेलेली.

त्याने मुखवटा काढला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी फोन हातात घेऊन सगळं वाचलं. हसल्या नाहीत, हेही एक बरं झालं. बाहेर जाऊन दोन-चार जणांना फोन करून परत आल्या.

"तुम्ही म्हणता तेच दिसतंय. मी ही केस कधी पाहिलेली नाही. इथे कुणीच पाहिलेली नाही."

"औषध?"

"यावर उतारा नाही. ऑक्सिजन देतोय, श्वासनळ्या मोकळ्या ठेवतोय. हृदयावर लक्ष आहे. बाकी त्यांच्या शरीरानंच करायचंय."

"म्हणजे आम्ही काय करायचं?"

"वाट बघायची," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर अक्षताने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिचा आवाज बसला होता.

"अहो, तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही."

"दोन-अडीच वर्षं वाचताय. रोज मोजताय. आणि घरात काय आणलंय तेच माहीत नव्हतं?"

संगमेशने पुण्याच्या दगडवाल्याला, सयाजीला, फोन लावला.

"साहेब, उकळतं पाणी घातलं?" सयाजी ओरडलाच. "अहो, त्याला हातमोज्याशिवाय हातसुद्धा लावायचा नसतो."

"तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत असतं हे, साहेब."

दुसऱ्या दिवशी अक्षता उठून बसली, संगमेशही चालायला लागला. शरणम्मा अतिदक्षता विभागातच होती. तिचं ऑक्सिजनचं प्रमाण चढायचं आणि पुन्हा उतरायचं. संगमेशला दिवसातून एकदा आत सोडायचे. तो पडद्यावरचे आकडे बघत उभा राहायचा. आयुष्यभर त्याने आकडे बघून काही ना काही केलं होतं, एक द्रव थोडा जास्त, एक थोडा कमी. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं. शरणम्मा मुखवट्याखालून काहीतरी पुटपुटायची. त्याला वाटायचं ती देवाचं नाव घेतेय, की पाणी मागतेय, की त्याला काही सांगतेय. कान जवळ नेला तरी कळायचं नाही.

"बोलू नका म्हणावं त्यांना," नर्स सांगायची. ते तो सांगायचा.

आणि घरी मोरीत तो दगड तसाच पडला होता. कल्लप्पाकाका म्हणाले, "किल्ली दे. मी धुऊन टाकतो मोरी. माशांना चिमूटभर खायला घालतो."

"काका, नको. दारातसुद्धा जाऊ नका."

दगड उचलायला कुणी येईल का, म्हणून संगमेशने सरकारी कार्यालयांना फोन सुरू केले. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. विषारी दगड, असं म्हटलं की पलीकडून पुन्हा "काय?" म्हणून विचारायचे. एका माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "साप आहे का? साप असेल तर सर्पमित्र पाठवतो."

"साप नाही."

"मग अवघड आहे."

शेवटी तो स्वतःच गेला. तोंडाला दुहेरी मास्क, डोळ्यांना कारखान्यातला चष्मा, हातात कोपरापर्यंतचे मोजे. दारं-खिडक्या उघडून तास-दीड तास जिन्यात थांबला. मग दगड ब्लीचच्या पाण्यात बुडवला, मोरी ब्लीचने धुतली, पिशवीवर पिशवी चढवून दगड बांधून ठेवला. हॉलमध्ये टाकी चालू होती. मासे त्याला बघून काचेपाशी आले, भुकेले. मागे उरलेल्या सगळ्या दगडांवर बटणं उघडली होती, रविवारच्याहून मोठी.

त्याने टाकी मोडायचा विचार केला. पाणी काढलं तर दगड उघडे पडणार, हाताळावे लागणार, सुकणार, त्यांचं काय करायचं? दुसऱ्या कुणाला द्यायची तर सयाजी म्हणाला, "एवढ्या उन्हात मासे पाठवू नका, वाटेत मरतील. आणि ते दगड कोण घेणार, साहेब? पाऊस लागून हवा गार होऊ द्या. मी येतो."

म्हणजे ठेवता येत नव्हती आणि काढताही येत नव्हती. त्याने माशांना वडी टाकली आणि दार ओढून घेतलं.

शरणम्मा दहाव्या दिवशी वॉर्डात आली. अक्षताने तेव्हाच सांगून टाकलं, "ती टाकी आहे तोवर मी त्या घरात येणार नाही. आणि अव्वांनाही येऊ देणार नाही." ती रागावून बोलत नव्हती. दोघी अक्कलकोटला अक्षताच्या माहेरी गेल्या. संगमेश कामावरून यायचा, खिडक्या उघड्या टाकून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. टाकी थंड ठेवणारं यंत्र घरघरत राहायचं. त्याने बंद केलं असतं तर मासे दोन-तीन दिवसांत गेले असते. कितीदा तो यंत्राच्या बटणापर्यंत गेला. एकदा फोनवर त्याने आईला विचारलंही.

"अव्वा, बंद करू का सगळं?"

"मासे मरतील?"

"व्हय."

"मला नको विचारू संगू," ती म्हणाली. "तूच आणलास, तूच बघ."

श्रावण निम्मा सरल्यावर सयाजी एका मदतनिसाला घेऊन पुण्याहून आला. दोघांनी मास्क लावले, दगड पाण्याखालीच पेट्यांत भरले, मासे पिशव्यांत. दुपारपर्यंत हॉल मोकळा झाला. भिंतीवर टाकीच्या मापाचा फिकट चौकोन राहिला. संगमेशने तीनदा फरशी धुतली आणि अक्कलकोटला फोन केला.

त्या रविवारी दोघी आल्या. रिक्षातून उतरून शरणम्माने वर पाहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अक्षता पिशव्या घेऊन पुढे गेली. शरणम्मा कठड्याला धरून चढायला लागली, संगमेश एक पायरी मागे.

पहिल्या मजल्यालाच ती थांबली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुप्फुसाचा काही भाग पूर्ववत व्हायला वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही. कदाचित होणारही नाही. तिचा श्वास वरच्यावर तुटत होता, गळ्याजवळची कातडी आत-बाहेर होत होती.

संगमेशने तिच्या काखेत हात घातला. "उचलून नेतो अव्वा."

तिने हात बाजूला केला.

"धरू नको. धरलं की दम जास्त लागतो."

"मग पाणी आणू?"

तिने नको म्हणून मान हलवली. बोलायला श्वास उरला नव्हता. वरून अक्षताने विचारलं, "येताय ना?" संगमेश हात खाली सोडून, एक पायरी खाली, आईच्या पाठीकडे बघत उभा राहिला.