अप्पांचा सांधा

आष्टीच्या बाजारात बसप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. त्यांची थोरली मुलगी रुद्राणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. अठ्ठ्याण्णव साली तिनं एक यंत्र उभं केलं. कपॅसिटरांत सावकाश वीज साठवायची आणि ती एका क्षणात केसाएवढ्या तारेतून सोडायची. तार जागीच वाफ होऊन फुटायची. फुटताना ती आतून कशी दिसते, हे टिपायला लागणारे प्रखर क्ष-किरण परदेशातल्या एका केंद्रात होते. ते केंद्र काही इकडं आणता येत नव्हतं, म्हणून तिनं यंत्रच चार पेट्यांत मावेल एवढं केलं.

त्यातल्या तांब्याच्या पट्ट्यांचे सांधे मात्र टिकेनात. पुण्याच्या वर्कशॉपनं केलेले तीन जळाले. दिवाळीत तिनं ते सहज वडिलांना, अप्पांना, दाखवले. अप्पांनी दोन दिवस बसून चांदीचा डाक देऊन नवे जोडून दिले, आणि ते विजेचे पन्नास धक्के खाऊनही तसेच राहिले. मग पुढच्या वर्षी परदेशी न्यायचे सांधेही अप्पांनीच केले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हे सांगत.

केंद्रानं रुद्राणीला तीन दिवस दिले होते. पहिल्याच दिवशी, दुसऱ्या धक्क्याला, सांधा फाटला आणि त्यापाठोपाठ कपॅसिटरही गेला. जादाचा आणलेला नव्हता. तिनं पेट्या भरल्या.

आष्टीला येऊन तिनं केबल खराब निघाल्याचं सांगितलं. अप्पांनी सांधा बघायला मागितला, तर तो तिकडंच राहिला म्हणाली. पण तिचे कपडे धुवायला काढताना आईच्या, महानंदाबाईंच्या, हाताला तो लागला. त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला. अप्पांनी उचलून दाराच्या उजेडात नेला, अंगठ्यानं चाचपला.

"रुद्रा, चांदी आतपर्यंत गेलीच न्हाई. हे माजंच हाय."

"अप्पा, केबल खराब होती."

"सहा म्हैने झाले, मला नीट दिसत न्हाई. सांगितलं असतं तर तू दुसऱ्याकडं गेली असतीस."

तीन वर्षांचं काम होतं. रुद्राणीला राग आला, अगदी खरा राग. अप्पा वाट बघत उभे राहिले. ती काही बोलली नाही. मग ते हात धुवायला मागं गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. आठवड्यात त्यांनी हत्यारं शेजारच्या बबनरावांना देऊन टाकली. नगरला डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायलाही लागलं, पण त्यांनी पुन्हा कशाला हात लावला नाही. रुद्राणीनं फोनवर दोनदा नवे सांधे करता का विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पुण्याच्या हवेची चौकशी केली.

केंद्रानं पुन्हा वेळ दिला तो दोन वर्षांनी. आदल्या श्रावणात अप्पा गेले होते. सांधे कारखान्यातून करून घेतलेले होते, ते टिकले. पडद्यावर फुटत्या तारेची सावली आली, गाठी गाठी पडलेली. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. रुद्राणी बाहेर येऊन घरी फोन लावायला गेली.

काय दिसलं ते आईनं विचारलं, तिनं सांगितलं.

"त्या दिशी तू त्यांच्याशी कायतरी बोलायला पायजे होतं," महानंदाबाई म्हणाल्या.

रुद्राणी "हो" म्हणाली.