शिलकीचे फोटो

"देख, आज तरी डोया मिटू नको," नाना म्हणाले.

अक्का स्टुडिओतल्या खुर्चीत उशीला टेकून बसल्या होत्या. फ्लॅश उडणार म्हटलं, की त्यांच्या पापण्या मिटायच्याच.

नाना माझे सासरे, अक्का सासू. अमळनेरातला हा स्टुडिओ त्यांनी काढलेला. आता नवरा लग्नांच्या व्हिडिओंसाठी गावोगाव फिरतो आणि दुकान माझ्या गळ्यात. दिवसभर 'हनुवटी वर, खांदे सरळ' म्हणायचं, मागच्या दारानं घरात शिरून भाकरी टाकायच्या, पुन्हा दुकान. जीव कोंडतो माझा इथे, उगाच खोटं कशाला बोलू?

पण अक्कांचं कोंडणं माझ्याहून जुनं. पूर्वी गिऱ्हाइकाच्या रोलमध्ये शेवटी एखादा फोटो शिल्लक राहायचा. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून नाना घरात यायचे, चुलीपाशी बसलेल्या अक्कांवर कॅमेरा रोखून तो शेवटचा फोटो संपवायचे आणि "संपना रोल" म्हणत निघून जायचे. डोळे मिटले तर मिटले. पुन्हा काढायला रोल असायचा कुठे? अख्ख्या तालुक्याची लग्नं काढणाऱ्या माणसाच्या बायकोचे सगळे फोटो असे. हाताला पीठ आणि डोळे मिटलेले.

माझा डिजिटल कॅमेरा त्यांच्यावर धरायची सोय नव्हती. "तुन्हा डबडानं कोनीबी काढी. मन्ही बायकोना फोटू मीच काढसू, रोलवर," असं नानांचं म्हणणं.

अक्कांचं दुखणं वाढलं तेव्हा मात्र नानांनी मुंबईहून रोल मागवला. अख्खा, फक्त अक्कांसाठी. पण त्या दिवशी अक्कांना खुर्चीत बसवल्यावर नानांची बोटं चालेनात. रोलची पट्टी खाचेत बसता बसेना. मी पुढे झाले तर खेकसले, "तुले काय समजस त्यामातलं?"

बरं बाई, म्हटलं. गुपचूप माझा कॅमेरा काउंटरवर टेकवला, आवाज बंद केला, फ्लॅशही बंद केला आणि बटण दाबत राहिले. इतके दिवस पासपोर्ट फोटो काढून काढून त्या कॅमेऱ्याचा मला वीट आला होता. नानांची ती झटापट बघताना पहिल्यांदा वाटलं, किती मोठ्या मनाची वस्तू आहे ही. काही शिल्लक ठेवायला नको, काही पुरवून वापरायला नको.

नानांनी सगळा रोल अक्कांवर काढला. अक्का दमल्या, पण खूश होत्या. रोल धुवायला मुंबईला गेला. तो परत यायच्या आधी अक्का गेल्या.

दुखवटा संपवायच्या विधीला, गंधमुक्तीला, फोटो मांडायचा होता. नवरा जुन्यातलाच एखादा मोठा करू म्हणाला. आपला रोल येतोच आहे, म्हणून नाना ऐकेनात. "मना रोल येई राहिना."

पाकीट आदल्या दिवशी आलं. नानांनी रोल खिडकीच्या उजेडाला धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा. पट्टी खाचेत बसलीच नव्हती. ते खटका ओढत राहिले होते आणि आत रोल जागचा हलला नव्हता.

"हातले समजाले पाहिजे व्हतं," ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्याकडे बघवेना मला.

बोलणी खायची तयारी ठेवून मी माझा कॅमेरा त्यांच्या हातात दिला. बटण कुठलं ते दाखवलं. सगळ्यात शेवटचा फोटो आधी आला, त्यात नानांचा फ्लॅश उडालेला आणि अक्कांचे डोळे मिटलेले. त्याआधीच्यातही. नाना एकेक फोटो मागे जात राहिले आणि एका फोटोपाशी थांबले. मान जराशी कलती, ओठांवर हसू, आणि डोळे छान उघडे.

"कोनाकडे देखी राहिनी ती?"

"तुमच्याकडे, नाना. तुम्ही रोल भरत होतात."

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला.

"हाच मोठा करते," मी म्हणाले. "मिटलेले पुसून टाकते."

"नको." त्यांनी कॅमेरा छातीशी धरला. "बठ्ठा फोटू राहू दे. जागा शे ना त्यामा, तिन्हासाठे?"

"आहे, नाना," मी म्हणाले. "पुष्कळ आहे."