बोलके, घुमे आणि मुके

सकाळचा उजेड या खोलीत एकदम शिरत नाही. आधी तो समोरच्या घराच्या भिंतीवर थांबतो. तिथून थोडा फिकट होऊन खिडकीच्या वरच्या काचेवर टेकतो. त्या काचेच्या कोपऱ्यात एक जुना तडा आहे; तिथे तो क्षणभर मोडतो आणि पुन्हा जुळतो. मग तो खाली उतरतो : खिडकीच्या लाकडावर, लाकडावरच्या धुळीवर, कोपऱ्यातल्या बादलीवर. बादलीत शिंपले भिजत असतात. उजेड त्या पाण्याला लागला की छतावर एक लहानसे, थरथरते जाळे उमटते. त्यानंतर टेबलाची पाळी येते. दोऱ्याचे रीळ, चिमटा, तेलाची वाटी, चष्म्याची उघडी डबी, अशा एकेका वस्तूला तो हळूच जागे करत जातो, घाई म्हणून करत नाही. सर्वांत शेवटी तो माझ्यापाशी येतो आणि माझे पातळ शिंपले आतून दुधाळ होतात. या उजेडात विशेष काही नाही. तो रोज येतो. ढग असले तर उशिरा येतो, इतकेच. पण आयुष्यात मी जे काही पाहिले, ते याच उजेडात पाहिले.

मित्रांनो, मी शिंपल्यांचा एक जुना घोस आहे. दुकानात माझ्यासारख्यांना ‘विंड चाइम’ म्हणतात. या घरात मात्र आम्ही घोसच. वरती एक आडवी काठी, तिला बांधलेले सात दोरे, प्रत्येक दोऱ्यात ओवलेले शिंपले आणि वारा आला की त्यांचा होणारा किणकिणाट, एवढेच माझे शरीर आणि एवढाच माझा आवाज.

माझा जन्म एका जागी झाला नाही. मी तुकड्यातुकड्यांनी जमत गेलो. माझी काठी कोणत्या झाडाची, हे मलाही ठाऊक नाही. कुठल्याशा पुराने तिला समुद्राच्या हवाली केले, समुद्राने तिची साल काढून घेतली, आणि पुष्कळ दिवस खेळवून झाल्यावर एका ओहोटीला वाळूवर टाकून दिली. माझे दोरे फाटक्या जाळ्यातून सोडवलेले. माझे शिंपले कधी एकत्र राहिलेले नव्हते. या सगळ्या अनोळखी तुकड्यांना ज्यांनी एका घरात आणले, त्या दोघी बहिणी.

थोरलीला सगळेच ताई म्हणत. धाकटीचे लाडाचे नाव चिमणी. पण तिचा आवाज असा की ती किनाऱ्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची कुत्री कान टवकारत. ताई म्हणे, “तुझं नाव ठेवताना आईने तुला नुसतं बघितलं असणार, ऐकलं नसणार.”

दोघी पहाटे ओहोटीला जात. ताईचा एक नियम होता : शिंपला उचलून उलटा करायचा, आत कोणी राहत असेल तर मुकाट्याने खाली ठेवायचा. “कुणाला घराबाहेर काढून आपण आपलं घर सजवायचं नाही,” असे ती म्हणे. आणलेला माल आठ दिवस गोड्या पाण्यात भिजे, रोज पाणी बदलले जाई. मीठ आत राहिले तर ते पुढे पांढरे होऊन फुलते आणि दोरा, गोंद सारेच खाऊन टाकते. मग जुन्या ब्रशने घासणे, सावलीत वाळवणे, तेलाचे बोट फिरवणे. चिमणी लाकूड घासून आरशांच्या चौकटी आणि दिव्यांची घरे करी. घोस मात्र फक्त ताईच करी, कारण घोसाला हातांआधी कान लागतात.

तिच्या टेबलाखाली तीन टोपल्या असत. ती एकेक शिंपला दोऱ्यावर टांगून त्याला नखाने टिचकी मारी, मान किंचित कलती करून ऐके आणि निकाल देई. स्वच्छ वाजला तो बोलका. आत घुमून दबला तो घुमा. नुसता ‘खट’ झाला तो मुका. त्याच्या पोटात कुठेतरी केसाएवढी चीर असते, ती डोळ्यांना दिसत नाही. बोलके घोसात जात, घुमे पडद्यांच्या दोऱ्यांत. मुक्यांनाही ती फेकत नसे. चिमणीच्या चौकटींवर ते नक्षी होऊन बसत. “तो बोलत नाही म्हणून काय झालं,” ताई म्हणे, “दिसतो किती छान!”

मी पूर्ण झालो त्या सकाळी खिडकी उघडीच होती. वारा आला आणि मी पहिल्यांदा वाजलो. ताई दोरा कापत होती. तिने वर पाहिले नाही. ती फक्त म्हणाली, “हं.”

मित्रांनो, त्या एका ‘हं’मध्ये काय होते ते मी तुम्हाला कसे सांगू? आई स्वयंपाकघरात काम करत असते, तुम्ही बाहेरून हाक मारता आणि ती वळूनही न बघता ओ देते. तसे होते ते. तेव्हापासून रोज सकाळी मी वाजे आणि ती ‘हं’ म्हणे. माझ्या दिवसाची सुरुवात त्यानेच होई.

तिने मला विकले नाही. मी तिचा नमुना झालो. नवा घोस तयार झाला की ती तो माझ्याशेजारी टांगी, आधी मला टिचकी, मग त्याला. आणि तो माझ्या जवळपास आला नाही, तर पुन्हा उसवला जाई. आमचा माल नेणारा दुकानदार दर खेपेला माझ्याखाली उभा राही.

“ताई, हा द्या ना. काचेत लावतो, दुकान उजळेल.”

“तो नाही मिळायचा, भाऊ. तो गेला तर बाकीच्यांना शिस्त कोण लावणार?”

“मग मलाच टांगून घ्या इथे!”

“तुमचा आवाज जुळत नाही हो. तुम्ही घुमे.” यावर चिमणी इतकी मोठ्याने हसे की मी वारा नसताना हलत असे.

अशी कितीतरी वर्षे गेली. माझा दोरा पिवळा झाला, काठीला बारीक भेगा पडल्या. पण माझा आवाज सुरेल राहिला. त्या आवाजाचा मला गर्व होता, हे मी लपवत नाही.

मग एका सकाळी मी वाजलो आणि ताई ‘हं’ म्हणाली नाही.

मला वाटले, कामात असेल. दुसऱ्या दिवशी वाटले, रात्री झोप झाली नसेल. तिसऱ्या दिवशी ती ‘हं’ म्हणाली आणि मी निश्चिंत झालो. पुढे मात्र ते कमी कमी होत गेले : आठवड्यातून दोनदा, महिन्यातून एकदा. मी कारणे शोधत राहिलो, आणि कारणांची कधी कमतरता नसते. ती माझ्यावर रागावली असेल. तिला माझा कंटाळा आला असेल. इतक्या वर्षांनी कोण कोणाला रोज उत्तर देते?

घरात इतर गोष्टीही बदलत होत्या. चिमणी बोलू लागली की ताई हातातले काम थांबवून तिच्या तोंडाकडे टक लावून पाही. एकदा चिमणी वैतागली. “ताई, दोनदा सांगितलं. लक्ष कुठे आहे तुझं?”

“तुझ्या तोंडाकडे,” ताई म्हणाली. “ते बंद कधी होतं, त्याची वाट बघतेय.”

चिमणी हसली, पण या वेळी ती लवकर थांबली.

मी ठरवले, आपण अधिक जोराने वाजायचे. एका दुपारी वादळी वारा सुटला. खिडकी आपटू लागली आणि मी स्वतःला त्या वाऱ्यात झोकून दिले. मी वाजलो, आदळलो, गुंतलो, सुटलो. माझा मधला शिंपला, ज्याचा स्वर सर्वांत खोल होता, काठीवर आपटला आणि फरशीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले. ताई माझ्याकडे पाठ करून चार हातांवर बसली होती. ती गाठी मारत होती. ती गाठी मारतच राहिली. आतल्या खोलीतून चिमणी धावत आली, “काय फुटलं गं?” म्हणाली, आणि ताईची पाठ पाहून दारातच थबकली.

मी म्हटले, किती एकाग्र असते ही कामात!

तुकडे दिसल्यावर ताई फार हळहळली. तिने बोलक्यांची टोपली पुढे ओढली, बराच वेळ शोधून एक देखणा, गुलाबी कडेचा शिंपला निवडला आणि माझ्या मधल्या दोऱ्यात ओवला. मग तिने त्याला नखाने टिचकी मारली. ‘खट’ झाले. ताईने मान किंचित कलती केली, डोळे मिटले.

“हं,” ती म्हणाली. “झकास.”

चिमणी ओले हात घेऊन दारात उभी होती. तिने ते ‘खट’ ऐकले. तिचे तोंड उघडले होते. ताई वळायच्या आत तिने ते मिटून घेतले. आणि मी? कितीतरी महिन्यांनी मला ‘हं’ मिळाले होते. मी माझ्या मध्यावरचा मुकेपणा पोटात घातला आणि स्वतःला समजावले की वयाबरोबर आवाज भारदस्त होतोच.

त्यानंतर रोज दुपारी ताईला डुलकी लागली की चिमणी चोरपावलांनी येई. टोपल्यांसमोर फतकल मारून बसे, एकेका शिंपल्याला टिचकी मारी आणि बोलक्यांच्या टोपलीतले कितीतरी शिंपले काढून मुक्यांत टाकी. मला तिचा राग येई. ताईच्या कामात ही लुडबुड कशाला?

एकदा चिमणी आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळली. त्या आठवड्यात गेलेले चारही घोस दुकानदाराने परत आणले. बिचारा चाचरत होता. “ताई, गिऱ्हाईक म्हणतं, हे वाजत नाहीत, खडखडतात.”

“माझी चूक, भाऊ!” अशक्त चिमणी शाल सावरत बाहेर आली. “तापात ओवले मी. कुठे लक्ष होतं माझं!”

ताईने तिच्या ओठांकडे पाहिले. प्रत्येक शब्द वाचून होईपर्यंत पाहिले. दुकानदार गेल्यावर ती म्हणाली, “तू आयुष्यात एक घोस ओवलेला नाहीस.”

चिमणीने शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

ताई उठून माझ्यापाशी आली. तिने माझ्या कडेचा एक शिंपला दातांत हलकेच धरला आणि त्याला टिचकी मारली. हाडातून काहीतरी तिच्यापर्यंत पोहोचले असावे. तिच्या पापण्या हलल्या. मग तिने मधला, गुलाबी कडेचा शिंपला दातांत धरला. टिचकी मारली. पुन्हा मारली. मग तो सोडून दिला.

“हा मुका आहे ना?”

चिमणीने मान डोलावली.

“आणि मी त्याला बोलक्यांत घातला. किती दिवस झाले गं?”

“दिवस कसले, ताई,” चिमणी पहिल्यांदाच हळू बोलली, मग चटकन सावरून, तोंड ताईकडे करून, पुन्हा म्हणाली, “तीन वर्षं झाली.”

“तीन वर्षं तू माझ्यामागून निवडत बसतेस?”

“मग काय करू? तुला सांगू? तू घोस करायचे सोडले असतेस.”

ताईने टोपली पुढ्यात घेतली आणि उगाच शिंपले वरखाली करत राहिली. तिच्या हाताखाली ते किणकिणत होते, अगदी स्वच्छ. मला वाटले, आता ती टोपली पायाने सरकवून देईल. पण थोड्या वेळाने तिने एक शिंपला उचलून चिमणीसमोर धरला.

“वाजव. आणि कसा वाजतो ते मला सांग.”

“मला कुठे कळतं त्यातलं?”

“तोंड तर आहे ना? ते चालव.”

चिमणीने टिचकी मारली. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.”

“मुका. पुढचा.”

“हा... रिकाम्या हंड्यात चमचा पडल्यासारखा.”

“फार मोठा. घुमा असणार तो, फसवतोय तुला. पुढचा.”

“हा बारीक आहे. आपण लहानपणी पाण्यात खडा टाकायचो, तो तळाशी गेल्यावर जसं वाटायचं तसा.”

ताईने दोरा पुढ्यात ओढला. “हा ठेव,” ती म्हणाली. “हा त्या नमुन्याच्या मध्यावर घाल.”

आता याच पद्धतीने काम चालते. वेळ फार लागतो. पूर्वी चार घोस होत तिथे एक होतो. पण तो वाजतो.

माझा आवाज परत आला त्या सकाळी मी वाऱ्याची वाट पाहत होतो. वारा आला. मी सातही दोऱ्यांनी वाजलो. पहिल्या दिवशीही इतका सुरेल वाजलो नसेन. ताई माझ्या खाली, हाताच्या अंतरावर बसून दोरा कापत होती. तिने वर पाहिले नाही आणि ती काही बोललीही नाही. मी पुन्हा वाजलो. वारा पडेपर्यंत वाजलो.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे माणूस तुमच्या हाकेला उत्तर द्यायचे थांबले, तर माझ्यासारखा आवाज चढवू नका. रुसूही नका. उठा, त्याच्यासमोर जाऊन बसा, तुमचा चेहरा त्याला नीट दिसेल असे बसा आणि सावकाश बोला. चिमणीला हे कोणी शिकवले नव्हते, तरी तिला ते जमले. मी मात्र ताईच्या इतक्या जवळ असून इतकी वर्षे तिचा राग, तिचा थकवा, तिचा कंटाळा मोजत बसलो. यांपैकी काहीही खरे नव्हते.

ताई बहिरी झाली आहे.