चार अँपिअरमध्ये बसेल ते कार्ड

आमचे हे, रिहाबचे वडील म्हणून सगळ्यांचे अबू रिहाब, फोनवर बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण शब्दामागे पैसे मोजावे लागत असल्यासारखे. मुलीचा स्वीडनहून फोन आला की, "कशी आहेस? बरा आहे मी. घे, आईशी बोल," आणि फोन माझ्या हातात. रिहाब तरी वेगळी असावी की नाही? तीही बापाच्याच साच्यातली. लग्न करून माल्मोला गेली तेव्हा विमानतळावर दोघं एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे होते, आणि रडण्याचं सगळं काम माझ्या एकटीवर पडलं.

हाच माणूस ट्रकमध्ये बसला की वेगळा व्हायचा. सगळी उमर त्यांनी अकाबा बंदरातून बगदादला साखर आणि तांदूळ आणण्यात घालवली. हातात स्टिअरिंग आलं की जिभेचं कुलूप निघायचं. शाळेला सुट्टी लागली की रिहाबला सीमेच्या वाटेवरच्या रुत्बा गावापर्यंत बरोबर न्यायचे. पोरीला गाडी लागायची. मग ती नाकाशी सुकं लिंबू धरून डोळे मिटून पडायची, आणि हे तिला रस्ता सांगत बसायचे. आता डावीकडे उंट आहेत, त्यातला एक लंगडतोय. आता एक म्हातारा कलिंगडं विकतोय, त्याची छत्री फाटलीय. सांगता सांगता रुत्बा यायचं आणि पोरगी ओकायची विसरायची.

निवृत्त झाले, ट्रक विकला, आणि कुलूप परत लागलं. मी घरात बोलायची, भिंती ऐकायच्या.

मग रिहाबनेच एक युक्ती काढली. कम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ असतो, त्यात दोघं दोन देशांत बसून एकाच रस्त्यावर आपापला ट्रक चालवू शकतात. माझ्या भाच्याचं इंटरनेट कॅफे बंद पडत होतं, तिथला एक कम्प्युटर आम्ही स्वस्तात उचलला. स्टिअरिंग तिने तिकडून पाठवलं. मी कपाळाला हात लावला. पांढऱ्या मिशांचा माणूस आणि हा पोरखेळ! पण पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी त्या खोट्या चाकावर हात ठेवला आणि बोलायला लागले. मी स्वयंपाकघरात भाताला फोडणी देत होते, ती करपली तरी मला कळलं नाही.

तेव्हापासून मुलीची सगळी खबर मला स्वयंपाकघरातूनच कळते. तिची सासू कशी आहे, दवाखान्यातली तिची नोकरी कशी चाललीय, सगळं. रमजान संपल्यावर एका संध्याकाळी मी द्राक्षाच्या पानांत भात भरत होते, आणि स्पीकरमधून आवाज आला, "बाबा, पुढच्या वळणावर हळू घ्या. आणि बाबा, मला दिवस गेलेत." ह्यांनी काय केलं असेल? ट्रक सरळ खड्ड्यात घातला. मी मसाल्याच्या हातांनी बाहेर धावले, तर हे खड्ड्यातला ट्रक बघत रडत होते आणि तिकडून रिहाब हसत होती.

बाळ थंडी सुरू होता होता येणार. त्यानंतर कुठली गाडी आणि कुठला रस्ता, हे मी बाई असल्यामुळे मला ठाऊक होतं आणि रिहाबलाही. म्हणून उन्हाळ्यात खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा ती एकदम म्हणाली, "बाबा, आता आमच्याकडचे रस्ते आलेत. समुद्रावरचा पूल आहे ना, माझ्या खिडकीतून दिसतो तो, तोपण आहे. बाळ यायच्या आधी एकदा तुम्हाला त्या पुलावरून माझ्या गावात आणायचंय." आम्हाला तिकडचा व्हिसा दोनदा नाकारलेला. त्यामुळे ती 'आणायचंय' म्हणाली तेव्हा हे नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले.

पण आमच्या कम्प्युटरला नवी आवृत्ती झेपेना. ट्रक दोन पावलं जायचा आणि गोठायचा. रस्त्याचे तुकडे पडायचे. रिहाब पुढे जाऊन पेट्रोल पंपावर थांबायची. "थांबते मी बाबा, या तुम्ही सावकाश." शेवटी ह्यांना लाज वाटली. "तू जा पुढे, मला आज काम आहे," म्हणाले. कसलं काम? पेन्शनवाल्या माणसाला काम असतं? दुसऱ्या दिवशीही काम निघालं. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तर हे बंद कम्प्युटरसमोर बसून फडक्याने स्टिअरिंग पुसतायत. माझं डोकंच फिरलं.

"उठा," मी म्हटलं. "चपला घाला."

"कुठे?"

"सिनाआ रस्त्यावर. या डब्याला जे काही हवं असेल ते आणायला."

सिनाआ रस्त्यावर कम्प्युटरचीच दुकानं. सरमद नावाच्या माणसाच्या दुकानात आम्ही शिरलो, कारण त्याच्याकडे बसायला खुर्ची होती आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. त्याने आधी चहा मागवला, मग आमच्या मशीनची चौकशी केली, मग म्हणाला, "हाजी, बाकी सगळं चालेल. तुम्हाला फक्त ग्राफिक्स कार्ड बदलायचंय. चित्र काढायचं काम तेच करतं."

आणि त्याने दोन कार्डं समोर ठेवली. एक विटेएवढं, तीन पंख्यांचं, वापरलेलं. दुसरं एका पंख्याचं, होडीच्या आकाराच्या आमच्या सामून पावाएवढं.

ह्यांनी छोट्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोठं हातात घेऊन वजन केलं. "किती माल ओढतं?"

"हाजी, पर्वत ओढेल! पाण्यावरच्या लाटा मोजता येतील तुम्हाला."

"आणि हे दुसरं?"

"चालेल. पण साधं दिसेल. लांबचे डोंगर विसरा, सावल्या विसरा."

"टॅक्सीचं इंजिन आहे म्हणजे," म्हणून ह्यांनी ते छोटं बाजूला सारलं.

मी चहा संपवला आणि विचारलं, "बाळा, हे मोठं किती अँपिअर खातं?"

शेजारच्या काउंटरवरचे दोन जण हसले. सरमद मात्र हसला नाही. "खाला, घरी किती घेता तुम्ही?"

"चार."

त्याने डोकं खाजवलं. आमच्याकडे संध्याकाळी सरकारी वीज जाते आणि गल्लीतल्या अबू हातिमच्या जनरेटरवर घर चालतं. जेवढे अँपिअर घ्याल तेवढंच घर. आमच्या चारांत फ्रिज, कारण त्यात माझं इन्शुलिन असतं. मग कूलर, कारण बगदादच्या उन्हाळ्यात माझा रक्तदाब कुठे जाईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मग दिवे. उरलेल्यात हा ट्रक. आणखी एक अँपिअर मागायला मी आधीच गेले होते. "उम्म रिहाब, थंडीपर्यंत अर्धासुद्धा नाही, माझं मशीन आधीच रडतंय," असं अबू हातिमने साफ सांगितलं होतं. आणि थंडीत बाळ.

"मोठ्याला कम्प्युटरसकट दोनच्या आसपास लागतील," सरमद म्हणाला. "लहान एकात भागवेल, थोडं वर. असं करा, मोठं नेऊन बघा. नाही जमलं तर या, बदलून देईन."

ह्यांनी मोठं कार्ड छातीशी धरून आणलं. रिहाब जन्मली तेव्हा तिलाही दवाखान्यातून असं आणलं नव्हतं, तेव्हा मी धरलं होतं. ट्रकची इंजिनं उघडलेला माणूस, त्यांनी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते बसवलं.

संध्याकाळी पुलाच्या दिशेने निघायचं ठरलं. पडद्यावर रस्ता असा उजळला की मीसुद्धा हातातलं काम टाकून आले. पाइनची झाडं, ओला डांबरी रस्ता, समोर रिहाबचा लाल ट्रक. "बाबा, आलात!" ती ओरडली. आणि खट्. सगळं घर काळोखात. अबू हातिमच्या खांबावरचं आमचं बटण पडलं होतं. गल्लीतून त्याचा आवाज आला, "कोण ओढतंय रे एवढं? अबू रिहाब, घरात कारखाना काढलात का?"

ह्यांचं तोंड बघवेना. मी गेले, अबू हातिमकडून बटण वर करून घेतलं, परत आले आणि कूलर बंद केला.

"तुला उकडेल," हे म्हणाले.

"मी काय साखर आहे विरघळायला? चालवा."

त्या संध्याकाळी ते चालवत होते आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होते. मानेवर ओला टॉवेल, हातात अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा, त्याने वारा घेत. घाम डोळ्यांत जात होता. पण खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. बापलेक बाळाच्या नावावरून भांडत होते. पूल थोडाच लांब राहिला होता, आणि ह्यांनी काहीतरी विचारायला मान वळवली. मी पटकन हसले, पण बहुधा माझा चेहरा हसण्यासारखा राहिला नव्हता.

ह्यांनी ट्रक बाजूला घेतला. "रिहाब, टायर पंक्चर झालं."

"बाबा, या खेळात टायर पंक्चर होत नाही."

"माझं झालंय," म्हणाले, आणि कम्प्युटर बंद करून कूलर लावला.

सकाळी सामून आणतो म्हणून घराबाहेर पडले. दुपारी उगवले ते पावाशिवाय, हातात लहानसा खोका.

"सामून कुठेत?"

"विसरलो."

"आणि हे काय? टॅक्सीचं इंजिन? कोणी सांगितलं होतं बदलायला? मी तक्रार केली होती का?"

"नाही केलीस. म्हणूनच बदललं."

"अहो, लाटा दिसणार नाहीत! तुमच्या मुलीचा समुद्र आहे तो!"

"अगं बद्रिया, तू त्या उंबऱ्यावर आडवी झालीस तर मी तो समुद्र घेऊन काय करू?" ते ओरडलेच. एवढ्या वर्षांत माझ्यावर एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते, आणि इतकं गोडही कधी काही बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी लहान कार्डावर ट्रक निघाला. कुठे अडकला नाही की गोठला नाही. बटणही जागेवर राहिलं आणि कूलरही खडखडत चालू राहिला. मात्र सरमदने सांगितल्याप्रमाणे खेळातलं सगळं चित्र कमीत कमीवर ठेवावं लागलं होतं. झाडं म्हणजे हिरवे ठोकळे, आकाश एका रंगाचं. पूल आला तेव्हा खाली नुसतं करडं फडकं पसरल्यासारखं दिसत होतं. समुद्र तो हाच, असं कोणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. पण ह्यांनी पाठ ताठ केली होती, जशी सीमेच्या चौकीवर करायचे.

"बाबा, दिसतंय का?" रिहाबने विचारलं.

"दिसतंय की."

"खोटं बोलू नका. समुद्र कोणत्या रंगाचा आहे?"

ह्यांनी मान पुढे काढून पडद्यात बघितलं.

तिला काय ते कळलं. मग म्हणाली, "बरं. सांगते. उजवीकडे पाणी आहे, ऊन तिरकं पडलंय, म्हणून तांब्याच्या परातीसारखं चमकतंय. त्यात पवनचक्क्या उभ्या आहेत, पांढऱ्या. एक बंद आहे, बाकीच्या फिरतायत. आता एक बोट येतेय, तिच्या मागे पक्षी लागलेत. त्यातला एक आळशी आहे बाबा, बोटीवरच बसलाय."

ह्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग म्हणाले, "लंगडतोय का तो?"

"हो," रिहाब म्हणाली. "लंगडतोय."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझ्या नवऱ्याकडे मोठं कार्ड पडून आहे, कमी वीज खाणारं, अगदी नवीन. कोणी येणारं असेल तर पाठवते. मग तुम्हालाच सगळं दिसेल."

"नको."

"का?"

"मग तू सांगायची थांबशील."

तिने तिच्या ट्रकचा वेग कमी केला. मग ती अगदी हळू बोलायला लागली. तिचं घर आता पुढच्या टोकाला दिसतंय, गच्चीवर तिने तुळशीसारखं रैहानाचं झाड लावलंय, बाळाचा पाळणा खिडकीपाशी ठेवलाय, असं काहीतरी. नीट ऐकूच येईना, कारण कूलर खडखडत होता. मी उठले आणि तो बंद केला.

"अगं, लाव तो!" हे रस्त्यावरची नजर न काढता ओरडले. "त्याच्यासाठी तर हे सगळं..."

"गप्प बसा," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. "मला ऐकू द्या."